साम्राज्ये खाडीकाठी थांबली

२३ डिसेंबर १५३४ रोजी वसईच्या समुद्रात नांगरलेल्या एका पोर्तुगीज जहाजावर तह झाला. गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने वसई, साष्टी आणि मुंबईची बेटे पोर्तुगिजांच्या हवाली केली. साष्टी बेटाच्या पूर्व टोकाला वसलेले ठाणेही त्या तहात गेले. बहादूरशहा काही दुबळा राजा नव्हता. माळवा त्याने जिंकला होता आणि चितोडला वेढा घालण्याची हिंमत त्याच्यात होती. पण उत्तरेकडून हुमायून चालून येत होता. एकाच वेळी जमिनीवर मोगल आणि समुद्रावर पोर्तुगीज अंगावर घेणे परवडणारे नव्हते, म्हणून सुलतानाने किनारा सोडला. पुढच्याच वर्षी हुमायूनने त्याला मांडू आणि चांपानेरहून हुसकावले, तो दीवला पळाला, मदतीच्या आशेने तिथे पोर्तुगिजांना किल्ला बांधू दिला आणि १५३७ मध्ये त्याच दीवच्या समुद्रात त्यांच्याशी झालेल्या झटापटीत मारला गेला.

या साऱ्या धामधुमीत मोगलांचा एक स्वारही ठाण्याच्या खाडीपर्यंत पोहोचला नव्हता. तरीही ठाण्याच्या पुढच्या दोनशे वर्षांचा निकाल मोगलांच्या विस्तारानेच लावला. तळ्याकाठी चर्च उभे राहिले, बेटावर पोर्तुगीज अंमल बसला, आणि खाडीपलीकडचे कल्याण मात्र सुलतानांच्या जगातच राहिले. आज लोकलने अर्ध्या तासात संपणारे हे वीस किलोमीटरचे अंतर दोन शतके आंतरराष्ट्रीय सीमा होती.

सोळाव्या ते अठराव्या शतकातल्या मुस्लिम साम्राज्यांचा भूगोल आणि विस्तार हा या लेखमालेचा विषय. विषय मांडताना अभ्यासक सहसा तीन नावे घेतात: इस्तंबूलचे उस्मानी, इराणचे सफवी आणि हिंदुस्थानचे मोगल. मार्शल हॉजसन या अमेरिकन इतिहासकाराने या तिघांना बंदुकीच्या दारूची साम्राज्ये म्हटले आणि ते नाव रूढ झाले. पण या मांडणीत दख्खनच्या सुलतानशाह्या तळटीपेत जातात आणि कोकण तर नकाशाच्या कडेबाहेरच पडते. ठाणे, कल्याण, भिवंडी, शहापूर या पट्ट्यातून पाहिले तर चित्र निराळे दिसते. साम्राज्य म्हणजे नकाशावर एका रंगात रंगवलेला सलग प्रदेश, ही समजूत इथे टिकत नाही. इथे साम्राज्य घाटांवरून खाली उतरते, बंदरावर ठाणे बसवते, पावसाळा जवळ आला की माघारी वळते आणि भरतीच्या पाण्याशी येऊन थांबते.

म्हणून आधी जमीन पाहू. उल्हास नदी कल्याणला येईपर्यंत तिची खाडी होते. तिथून डोंबिवलीच्या उत्तरेने, पारसिकच्या डोंगराला वळसा घालत ती ठाण्याकडे येते आणि वसईकडे निघून जाते. ठाण्याच्या दक्षिणेला दुसरी खाडी मुंबईच्या बंदराला मिळते. जहाज आत आणता येईल असे पाणी आणि बैल घाटावर नेता येईल अशी वाट जिथे जवळ येतात, तिथे बंदर होते. कल्याणला हे दोन्ही होते. ईशान्येला थळ घाटाची वाट नाशिकला आणि तिथून बऱ्हाणपूरमार्गे आग्र्याला जाते. पूर्वेला नाणेघाट आणि माळशेज घाट जुन्नरला चढतात. आग्नेयेला बोरघाट पुण्याच्या बाजूला जातो. १८५४ मध्ये रेल्वे कल्याणला पोहोचली आणि पुढे तिचे दोन फाटे झाले, एक कसाऱ्याकडे, एक कर्जतकडे. इंग्रज इंजिनिअरांनी नवी भूमिती शोधली नव्हती. बैलांच्या तांड्यांनी दीड-दोन हजार वर्षे वापरलेल्या वाटाच त्यांनी पुन्हा मोजल्या. शीव ते ठाणे या रस्त्याला जुनी माणसे आजही आग्रा रोड म्हणतात आणि कल्याणातही एक आग्रा रोड आहे. मोगल साम्राज्याची राजधानी या भागातल्या रस्त्यांच्या नावात अशी राहून गेली आहे.

घाटावरून आलेला माल, कोकणच्या जंगलातले सागाचे लाकूड आणि खाडीचे पाणी ही कल्याणची संपत्ती होती. ज्याला घाटमाथा हवा त्याला त्याखालचे बंदरही हवे, आणि ज्याच्या हाती बंदर त्याला घाट मोकळा हवा. अहमदनगरचे निजामशहा, विजापूरचे आदिलशहा, मोगल आणि मराठे सगळे एकाच ओढीने इथे आले.

आता तीन मोठ्या तख्तांकडे वळू, पण नजर कोकणावर ठेवून. १४५३ मध्ये उस्मानींनी कॉन्स्टँटिनोपल घेतले आणि १५१७ मध्ये इजिप्त. तांबडा समुद्र हाती आल्यावर हिंदी महासागर त्यांच्या दारात आला. १५३८ मध्ये इजिप्तचा उस्मानी सुभेदार सुलेमान पाशा आरमार घेऊन वाटेत एडन ताब्यात घेत दीवपर्यंत आला, वेढा घातला आणि निष्फळ परतला. १५५४ मध्ये सिदी अली रईस हा उस्मानी आरमारप्रमुख वादळाने गुजरातच्या किनाऱ्यावर येऊन दमणला लागला. जहाजे गेली, तेव्हा तो अहमदाबाद, सिंध, दिल्ली, काबूल, इराण असा जमिनीवरून १५५७ मध्ये घरी पोहोचला. दिल्लीत असताना हुमायूनचा मृत्यू त्याने जवळून पाहिला. त्याने लिहिलेले प्रवासवर्णन वाचले म्हणजे कळते, की ही तीन साम्राज्ये एकमेकांपासून तुटलेली नव्हती; एक बुडालेला दर्यावर्दी एका दरबारातून दुसऱ्या दरबारात पाहुणा म्हणून जाऊ शकत होता.

माणसे आणि कौशल्येही याच वाटांनी येत होती. विजापूरच्या बुरुजावर आज जी मलिक-ए-मैदान तोफ आहे, ती मुळात १५४९ मध्ये अहमदनगरला ओतली गेली. तोंडाशी जबडा वासलेले श्वापद आणि त्याच्या दातांत चिरडलेला हत्ती असे तिचे रूप. ती ओतणाऱ्याचे नाव महंमद बिन हुसेन रूमी. रूमी म्हणजे उस्मानी मुलखातला. इस्तंबूलकडची तोफ ओतण्याची विद्या नगरच्या भट्टीत अशी पोहोचली. मलिक अंबरचा प्रवास तर याहून लांबचा आहे. इथिओपियात जन्मलेला हा मुलगा गुलाम म्हणून मोखा आणि बगदादच्या बाजारांतून विकला जात दख्खनेत आला, निजामशाहीच्या पेशव्याच्या पदरी वाढला आणि पुढे त्याच निजामशाहीचा आधारस्तंभ झाला. १६२६ मध्ये तो वारला तेव्हा जहांगिराच्या फौजा वर्षानुवर्षे त्याच्याशी झुंजून थकल्या होत्या.

सफवींचे नाते वेगळ्या धाग्याचे. १५०१ मध्ये शहा इस्माइलने तब्रीझला शिया राज्य स्थापले. विजापूरच्या यूसुफ आदिलशहाने लवकरच शिया पंथाचा खुतबा, म्हणजे मशिदीतले शुक्रवारचे प्रवचन, वाचायला लावला आणि १५३७ मध्ये नगरच्या बुऱ्हाण निजामशहाने शहा ताहिर या इराणी विद्वानाच्या प्रभावाने तोच पंथ स्वीकारला. दख्खनच्या शहांसाठी इराणचा बादशहा हा दूरचा आश्रय होता. मोगलांच्या दडपणापुढे उभे राहण्यासाठी तो लागायचा. मोगलांना ते खटकत असे आणि त्याचे परिणाम थेट कल्याणपर्यंत आले.

ती गोष्ट १६३६ ची. १६३३ मध्ये दौलताबाद पडले तरी शहाजीराजांनी निजामशाही घराण्यातला एक लहान मुलगा संगमनेरजवळच्या पेमगिरीवर गादीवर बसवला आणि तीन वर्षे राज्य चालू ठेवले. अखेर शहाजहान स्वतः दख्खनेत आला. मे १६३६ मध्ये विजापूर आणि गोवळकोंडा यांच्याशी तह झाले. गोवळकोंड्याला मान्य करावे लागले की शुक्रवारच्या खुतब्यात इराणच्या शहाचे नाव येणार नाही, शहाजहानचे येईल. विजापूरने वीस लाख रुपये पेशकश कबूल केली आणि बदल्यात निजामशाहीचा मोठा तुकडा मिळवला. त्या तुकड्यात कल्याण आणि उत्तर कोकण होते. आग्र्याच्या बादशहाने नकाशावर रेघ ओढली आणि कल्याण विजापूरचे झाले.

शहाजीराजे मात्र त्या रेघेला मान तुकवायला तयार नव्हते. घाट उतरून ते माहुलीवर आले. आसनगाव स्टेशनवरून वायव्येला पाहिले की सुळक्यांची जी रांग आकाशात उभी राहते, तोच हा माहुलीगड. गिर्यारोहक आजही पहिल्या कठीण चढाईसाठी तिथे जातात. मोगलांचा खानजमान आणि विजापूरचा रणदुल्लाखान यांनी एकत्र वेढा घातला. एका बाजूला शहाजहानची फौज, दुसऱ्या बाजूला आदिलशहाची, मधे एक मराठा सरदार आणि एक बालराजा. पोर्तुगिजांकडे आसरा मागण्याचा प्रयत्न फसला, कारण मोगलांशी वैर त्यांना नको होते. १६३६ च्या पावसाळ्यानंतर शहाजीराजांनी गड आणि बालराजा मूर्तझा निजामशहा स्वाधीन केला आणि स्वतः विजापूरच्या चाकरीत गेले. १४९० मध्ये सुरू झालेली निजामशाही ठाणे जिल्ह्यातल्या एका डोंगरावर संपली. शालेय पुस्तकांत तिचा अंत दौलताबादला दाखवतात, आणि शहापूरच्या मुलांना आपल्या गावाशेजारी काय घडले हे कोणी सांगत नाही, याचे वाईट वाटते.

या प्रसंगात एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. लढणारे दोन्ही शहा मुसलमान, संपलेले घराणेही मुसलमान आणि ते वाचवण्यासाठी शेवटपर्यंत झगडणारा सरदार मराठा हिंदू. साम्राज्यांचा विस्तार धर्माच्या एकाच सूत्रात बसवणाऱ्यांनी माहुलीचा वेढा समोर ठेवावा. धर्म त्या काळी खरा होता आणि माणसे त्यासाठी मरत होती. पण घाट, महसूल, घोडे आणि घराण्याची प्रतिष्ठा यांचे गणितही तितकेच खरे होते.

पुढची हालचालही दूरच्या दरबारांतून सुरू झाली. कंदाहारसाठी मोगल आणि सफवी पिढ्यान् पिढ्या भांडले. १५९५ मध्ये ते अकबराला मिळाले, १६२२ मध्ये शहा अब्बासने घेतले, १६३८ मध्ये पुन्हा मोगलांकडे आले आणि १६४९ मध्ये कायमचे गेले. परत मिळवण्याच्या मोहिमा फसल्या. त्यांतल्या दोन औरंगजेबाच्या हाती होत्या. वायव्येची वाट अशी बंद झाल्यावर मोगलांची ताकद दक्षिणेकडे वळली आणि औरंगजेब दख्खनचा सुभेदार होऊन आला. १६५७ मध्ये त्याने विजापूरचे बीदर आणि कल्याणी घेतले. ही कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण. जुनी पुस्तके वाचताना दोन कल्याणांची गल्लत सहज होते, ती टाळावी. तहात विजापूरने निजामशाही कोकणही मोगलांना देऊ केले. पण सप्टेंबरमध्ये शहाजहान आजारी पडला, चारही शहजाद्यांचे लक्ष तख्ताकडे गेले आणि औरंगजेब उत्तरेला निघाला. कागदावर मोगलांचे, प्रत्यक्षात विजापूरचे आणि खरे तर कोणाचेच नाही, अशा स्थितीत कल्याण महिनाभर राहिले.

ऑक्टोबर १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण आणि भिवंडी घेतली. जानेवारी १६५८ मध्ये माहुलीही घेतला. दिल्लीतल्या आजारपणाचा उपयोग खाडीकाठी इतक्या तातडीने करणारा माणूस साम्राज्यांचा भूगोल पुरता ओळखून होता. कल्याणच्या सुभेदाराच्या सुनेची कथा मराठी माणसाच्या मनात घर करून आहे, पण तिला समकालीन कागदांचा आधार मिळत नाही. त्यावेळी कल्याणचा अंमल विजापूरच्या मुल्ला अहमद या नवायत सरदाराकडे होता. नवायत म्हणजे अरबस्तानातून किनाऱ्यावर येऊन स्थायिक झालेल्या व्यापारी घराण्यांचे वंशज. पुढे हाच मुल्ला अहमद मिर्झाराजे जयसिंगाच्या काळात विजापूर सोडून मोगलांकडे गेला. आदिलशाहीचा पाया कसा ढासळत होता, हे त्या एका माणसाच्या वाटचालीत दिसते.

कल्याण हाती येताच महाराजांनी तिथे जहाजे बांधायला घेतली. सागाची जंगले जवळ, खाडी दाराशी आणि कारागीर पलीकडच्या काठावर. पोर्तुगीज मुलखातला रुई लैताव व्हियेगास हा जहाजबांधणीचा जाणकार या कामावर होता. वसईच्या पोर्तुगीज कप्तानाला धोका लगेच कळला, कारण कल्याणची जहाजे समुद्रात जाणार ती ठाणे आणि वसईच्या पोर्तुगीज चौक्यांसमोरूनच. त्याने आपल्या माणसांना फोडून परत बोलावले. या एका घटनेत खाडीचे सारे राजकारण आहे. वरच्या काठावरचा राजा कितीही बळकट असो, तोंडाशी बसलेल्याच्या परवान्याशिवाय त्याचे गलबत बाहेर पडत नसे. मोगलांनाही हीच अडचण होती. सुरत त्यांच्याकडे होते, पण समुद्रावर लढणारे आरमार त्यांनी कधी उभारले नाही आणि जंजिऱ्याच्या सिद्दीवर विसंबून राहिले. महाराजांनी पुढे आरमाराचा मोठा डाव सिंधुदुर्गाकडे, मोकळ्या समुद्रावर मांडला, त्यामागे कल्याणचा हा अनुभव असला पाहिजे.

मोगल परत आले ते घाटावरूनच. १६६१ च्या फेब्रुवारीत शाइस्ताखानाचा सरदार कारतलबखान बोरघाटाशेजारच्या उंबरखिंडीत अडकला आणि नेसत्या वस्त्रांनिशी सुटला; मे महिन्यात मात्र मोगलांनी कल्याण घेतलेच. पुरंदरच्या तहाने १६६५ मध्ये माहुलीही त्यांच्याकडे गेला. १६७० च्या फेब्रुवारीत महाराजांची माणसे दोर लावून माहुलीवर चढली, तेव्हा किल्लेदार मनोहरदास गौड याने त्यांना परतवून लावले. त्यानंतर त्याने पद सोडले आणि जूनमध्ये गड मराठ्यांनी घेतला. मोगल किल्लेदार राजपूत, हे पुन्हा ध्यानात ठेवावे. त्याच वर्षी कल्याणचा मोगल फौजदार लोदीखानही पळून गेला.

संभाजी महाराजांच्या काळात औरंगजेब स्वतः दख्खनेत उतरला. १६८२ च्या आरंभी हसन अलीखान जुन्नरहून घाट उतरला, कल्याण घेतले आणि पाऊस येण्याच्या आधी मागे गेला. उत्तर कोकणात मोगल मोहिमांचा हाच पंचांगाप्रमाणे ठरलेला क्रम होता. दिवाळीनंतर घाट कोरडे, ओढे आटलेले, तांडे खाली येतात. जूनमध्ये उल्हास आणि भातसा भरल्या की धान्याची वाट तुटते, घोड्यांना रोग लागतो आणि ज्याची रसद घाटावर आहे त्याला घाट चढण्यावाचून गत्यंतर नसते. मराठ्यांचे धान्य मात्र गडावर असे.

हा क्रम मोडला तो मातबरखान या मोगल सरदाराने. तोही कोकणचा नवायत, किनारा ओळखणारा. १६८९ मध्ये त्याने कल्याण घेतले, एकामागून एक गड काबीज केले आणि ते शहर मोगल अंमलाचे स्थिर ठाणे केले. १६९३ मध्ये पोर्तुगीज मराठ्यांना आसरा देतात म्हणून त्याने खाडीपलीकडच्या त्यांच्या मुलखावरही हल्ला चढवला. मोगल साम्राज्य कोकणात सर्वांत खोल रुजले ते या वर्षांत. बाहेरून आलेल्या सरदारांना जे साधले नाही ते इथल्या मातीतल्या माणसाने साधले. कल्याणच्या काळ्या तलावाकाठची काळी मशीद आणि मोगल अंमलदार मोहताबरखान याच्या नावाने ओळखली जाणारी कबर सतराव्या शतकाची साक्ष देतात. शहराभोवतीचा तट आणि त्याचे चार दरवाजे मात्र १८८२ च्या ठाणे गॅझेटियरमध्येच वाचायचे.

पुढचा भाग वेगाने सांगता येतो. १७२० च्या सुमारास कल्याण मराठ्यांकडे आले, १७३७ मध्ये चिमाजीअप्पांच्या मोहिमेत ठाणे आणि १७३९ मध्ये वसई. दोनशे वर्षांनी खाडीचे दोन्ही काठ एका सत्तेखाली आले. डिसेंबर १७७४ मध्ये इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेतला आणि १७८० मध्ये कल्याण. ठाण्याच्या त्या किल्ल्यात आज मध्यवर्ती कारागृह आहे.

हा सगळा इतिहास जोडताना एकच भाषा पुरत नाही. मोगल दरबाराची फारसी बातमीपत्रे सेतुमाधवराव पगडी यांनी मराठीत आणली. ग. ह. खरे यांनी पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळातून फारसी कागदांचे खंड काढले. पोर्तुगीज दफ्तर पां. स. पिसुर्लेकर यांनी गोव्यात बसून उलगडले. या तिघांच्या कामाशिवाय ठाणे-कल्याणचे सतरावे शतक अर्धे अंधारात राहिले असते. उरलेले अर्धे अजून मशिदींच्या आणि कबरींच्या दगडांवर आणि मोडीच्या रुमालांत आहे. ठाणे, कल्याण, डोंबिवलीत इतिहासाच्या व्याख्यानांना सभागृहे भरतात. त्या श्रोत्यांतल्या काही तरुणांनी मोडीबरोबर फारसीही शिकावी, अशी इच्छा आहे.

पुढील लेख वाचताना दोन नकाशे जवळ असावेत. एक इस्तंबूलपासून बंगालपर्यंतचा, दुसरा ठाणे जिल्ह्याचा, त्यात घाट आणि खाड्या ठळक असलेला. दर वेळी पहिल्यावर बोट ठेवले की दुसऱ्यावर काय हलले ते पाहावे.